ऐरण, जागा आणि कारागीर : घरगुती कार्यशाळेचे अर्थशास्त्र

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजन हे उत्पादनाचे चार घटक स्वतंत्रपणे शिकवले जातात. प्रत्यक्ष उत्पादनात मात्र ते एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत. याचे अत्यंत बोलके उदाहरण म्हणजे लोहाराची ऐरण होय. ऐरण हे भांडवल आहे. परंतु ती कोठे आणि कशी बसवली आहे यावर तिची उत्पादकता अवलंबून असते. ज्या कारागिराला जागेची शाश्वती नाही, त्याला जड ऐरण बसवता येत नाही. दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील गाडिया लोहारांच्या संदर्भात या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐरणीचे वजन का महत्त्वाचे?

ऐरणीचे काम केवळ तापलेल्या लोखंडाला आधार देणे एवढेच नाही. हातोड्याच्या घावातील ऊर्जा लोखंडाचा आकार बदलण्यासाठी खर्च व्हावी, ऐरण हलवण्यात वाया जाऊ नये, हा तिचा खरा हेतू असतो. तापलेले लोखंड मऊ असल्याने हातोडा उसळत नाही आणि ऐरण मोकळी ठेवलेली आहे असे गृहीत धरल्यास, संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार वाया जाणाऱ्या ऊर्जेचे प्रमाण काढता येते. हातोड्याच्या वजनाला हातोडा आणि ऐरण यांच्या एकत्रित वजनाने भागले की हे प्रमाण मिळते.

हातोडा २ किलोचा आणि ऐरण १० किलोची असेल, तर सुमारे १७ टक्के ऊर्जा वाया जाते. तोच हातोडा १०० किलोच्या ऐरणीवर चालवल्यास हे प्रमाण जेमतेम २ टक्के राहते. हातोड्याऐवजी ४ किलोचा घण वापरला, तर लहान ऐरणीवर सुमारे २९ टक्के आणि मोठ्या ऐरणीवर सुमारे ४ टक्के ऊर्जा वाया जाते. म्हणजेच काम जितके जड, तितका हलक्या ऐरणीचा तोटा अधिक. गाडिया लोहार कुटुंबांत पुरुष सांडशीने लोखंड धरतो आणि स्त्री घण चालवते, हे दृश्य दिल्लीकरांच्या परिचयाचे आहे. हलक्या ऐरणीमुळे वाया जाणारे श्रम प्रामुख्याने या स्त्रीचे असतात. कोणत्याही राष्ट्रीय हिशेबात त्यांची नोंद होत नाही.

ऐरण बसवण्याची पद्धत

ऐरण विकत घेतल्याने काम संपत नाही. मोकळी ऐरण घावाबरोबर सरकते, नाचते आणि अपघातास कारण ठरते. म्हणून ती कठीण लाकडाच्या जाड ओंडक्यावर बसवतात. ओंडक्याच्या नसा उभ्या ठेवल्या जातात, म्हणजे घाव सोसताना लाकूड चिरत नाही. ओंडक्याला लोखंडी पट्टा आवळतात, ऐरणीचा पाया पट्ट्यांनी व खिळ्यांनी घट्ट करतात आणि ओंडक्याचा खालचा भाग जमिनीत गाडून भोवती माती ठोकून बसवतात. असे केल्याने ओंडका आणि जमीन ऐरणीच्या वजनात जणू भर घालतात. उभ्याने काम करणाऱ्यासाठी हात सरळ खाली सोडला असता मूठ जेथे येते, साधारण तेवढी ऐरणीची उंची ठेवतात. बसून काम करणाऱ्याची ऐरण जमिनीलगत असते. उंची चुकल्यास पाठ आणि खांदे दुखावतात. कारागिराची कार्यक्षम वर्षे कमी होतात.

यातील प्रत्येक टप्प्याला स्थिर जमीन लागते. पदपथाच्या फरशीत ओंडका गाडता येत नाही. बहुमजली इमारतीतील वरच्या मजल्यावर जमीनच नसते. घावांचे हादरे आणि आवाज थेट शेजाऱ्यांच्या घरात पोहोचतात. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

ऐरण हलवण्याचा खर्च

शंभर किलोची ऐरण एकट्याने उचलणे धोक्याचे असते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये केलेल्या १२८ व्या शिफारशीत प्रौढ पुरुष कामगाराने उचलावयाच्या भारासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली आहे. त्यामुळे जड ऐरण उचलण्याऐवजी प्रथम ओंडक्यापासून सोडवतात, पहारीने एक बाजू उचलून खाली फळी सरकवतात आणि लोखंडी नळ्यांवरून ती ढकलत नेतात. गाडीत चढवण्यासाठी उतरती फळी किंवा साखळीचा कप्पी-दोर वापरणे सुरक्षित असते. ती हलवताना हात किंवा पाय तिच्याखाली जाऊ न देणे हा पहिला नियम होय.

कारखान्यात अशा कामासाठी सुरक्षेचे नियम असतात. घरगुती कार्यशाळा मात्र त्यांच्या कक्षेबाहेर राहते. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेचा वापर असल्यास १० आणि नसल्यास २० कामगार ही किमान संख्या होती. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये ती अनुक्रमे २० आणि ४० करण्यात आली. पती, पत्नी आणि मुलगा एवढ्यांच्या बळावर चालणारी लोहाराची भट्टी या दोन्ही मर्यादांच्या कितीतरी खाली आहे.

शिवाय प्रत्येक स्थलांतरात गाडलेला ओंडका, बांधलेली भट्टी आणि ओळखीचे ग्राहक मागे राहतात. ऑलिव्हर विल्यमसन यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एखादी मत्ता विशिष्ट स्थानाशी बांधली गेली की ती हलवण्याचा खर्च मोठा होतो, हा त्यांच्या मांडणीतील एक महत्त्वाचा मुद्दा आहे. हटवले जाण्याची भीती असलेला कारागीर म्हणूनच अशी मत्ता उभी करण्याचे टाळतो. हलकी ऐरण हे त्याचे अज्ञान नव्हे; तो त्याचा विचारपूर्वक घेतलेला आर्थिक निर्णय असतो.

गाडिया लोहार आणि घिसाडी

गाडिया लोहारांची परंपरा या निर्णयाचा इतिहास सांगते. लोकश्रुतीनुसार १५६८ मध्ये चित्तोड अकबराच्या हाती गेल्यानंतर, चित्तोड मुक्त होईपर्यंत घरात राहणार नाही अशी प्रतिज्ञा या समाजाने केली आणि बैलगाडी हेच घर मानले. घर आणि कार्यशाळा एकाच गाडीत मावायची असेल, तर ऐरण गाडीला पेलेल एवढीच असणार, हे उघड आहे. १९५५ मध्ये चित्तोडगड येथे पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या उपस्थितीत या प्रतिज्ञेची सांगता करण्यात आली. भटकंती थांबवण्याचे आवाहन झाले. परंतु स्थिर होण्यासाठी लागणारी जागा सर्वांनाच मिळाली नाही. अनेक कुटुंबे दिल्लीच्या रस्त्यांच्या कडेला स्थिरावली. गाड्या थांबल्या, तरी ऐरण जड झाली नाही.

महाराष्ट्रातील वाचकांना हा प्रश्न अपरिचित नाही. गावगाड्यातील लोहार हा बलुतेदार होता. त्याची ऐरण गावात कायमची बसलेली असे आणि मोबदल्यादाखल त्याला बलुते मिळे. घिसाडी मात्र गावोगाव फिरून अवजारे करीत. महाराष्ट्राच्या भटक्या जमाती (ब) यादीत घिसाडी या नोंदीबरोबर गाडी लोहार, चित्तोडी लोहार आणि राजपूत लोहार ही नावेही आढळतात. भटक्या-विमुक्तांच्या प्रश्नांचा राष्ट्रीय पातळीवर अभ्यास करणाऱ्या दोन आयोगांचे अध्यक्ष, बाळकृष्ण रेणके (अहवाल २००८) आणि भिकू रामजी इदाते, हे महाराष्ट्राचेच होत.

राजधानीतील जागेचा प्रश्न

दिल्लीत लहान उत्पादकाला तीन बाजूंनी मर्यादा पडतात. पहिली भूमिवापराची. २००७ मध्ये अधिसूचित झालेल्या दिल्ली बृहत् आराखडा-२०२१ मध्ये निवासी भागात ठरावीक घरगुती उद्योगांना कामगारसंख्या आणि वीजभार यांच्या मर्यादेत वाव ठेवण्यात आला. पण भट्टी पेटवणारा आणि घण चालवणारा लोहार या चौकटीत सहज बसत नाही. दुसरी मर्यादा इंधनाची. हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाच्या निर्देशानुसार १ जानेवारी २०२३ पासून, औष्णिक वीज केंद्रांसाठीचा अपवाद वगळता, संपूर्ण राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात कोळशाच्या वापरावर बंदी आली. स्वच्छ हवा ही सर्वांची गरज आहे, याविषयी दुमत नाही. तथापि पर्यायी भट्टीचा खर्च सर्वात लहान उत्पादकाने एकट्याने सोसावा काय, हा न्यायाचा प्रश्न उरतो.

तिसरी मर्यादा पुनर्वसनाच्या स्वरूपाची आहे. दिल्लीच्या २०१५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन धोरणात १ जानेवारी २००६ पूर्वीच्या वस्त्या आणि त्यांतील १ जानेवारी २०१५ पूर्वीच्या झोपड्या पात्र ठरवण्यात आल्या. पात्र कुटुंबाला सदनिका मिळाली तर डोक्यावर पक्के छप्पर येते, ही निःसंशय मोठी प्राप्ती होय. परंतु चौथ्या मजल्यावर ऐरण बसत नाही. घर मिळाले आणि उपजीविका गेली, तर कुटुंबाचा निव्वळ लाभ किती, याचा हिशेब करावा लागेल.

योजना आणि त्यांतील दुवा

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश असून लोहारकाम त्यांपैकी एक आहे. २०२३-२४ ते २०२७-२८ या काळासाठी १३,००० कोटी रुपयांची तरतूद, प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि ५ टक्के दराने दोन टप्प्यांत (१ लाख व २ लाख) विनातारण कर्ज, ही तिची ठळक वैशिष्ट्ये होत. भटक्या-विमुक्तांसाठी १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झालेल्या 'सीड' योजनेत २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांकरिता २०० कोटी रुपयांची तरतूद होती. स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शन, आरोग्यविमा, उपजीविका आणि घरकुल हे तिचे चार घटक.

या योजनांनी कौशल्य, अवजार, कर्ज आणि निवारा यांचा विचार केला आहे. कामाची जागा हा या सर्वांना जोडणारा दुवा मात्र अद्याप कच्चा आहे. जागेशिवाय अवजारसंच मिळाल्यास कारागीर त्यातील हलकी अवजारेच उपयोगात आणू शकेल आणि कर्जाची रक्कम स्थिर भांडवलाऐवजी कच्च्या मालात किंवा घरखर्चात जाण्याचा संभव राहील.

जागा मिळाल्याने काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना बेळगावातील कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानच्या अधिपतींनी त्यांना कुंडलजवळ ३२ एकर माळरान देऊ केले. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला. कौशल्य त्यांच्याजवळ आधीही होते. स्थैर्य जमिनीने दिले.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी सुचतात. पुनर्वसन प्रकल्पांत तळमजल्यावर सामायिक कार्यशाळा राखून ठेवाव्यात, जेथे जड ऐरणी कायमच्या बसवता येतील. तेथे वायूवर किंवा विजेवर चालणाऱ्या सामायिक भट्ट्यांची सोय करावी, म्हणजे पर्यावरण आणि उपजीविका यांत निवड करण्याची वेळ येणार नाही. आणि कामाच्या जागेचा निश्चित मुदतीचा लेखी हक्क द्यावा; मालकी नसली तरी मुदतीची खात्री असल्यास कारागीर गुंतवणूक करतो.

असंघटित क्षेत्रातील उपक्रमांच्या २०२३-२४ च्या वार्षिक सर्वेक्षणानुसार देशात ७.३४ कोटी बिगर-कृषी आस्थापना असून त्यांत १२ कोटींहून अधिक लोक काम करतात. यांतील बहुसंख्य आस्थापना पगारी कामगार न ठेवता चालवल्या जातात. लोहाराची भट्टी ही त्यांपैकीच एक. भूमी आणि भांडवल यांचा संबंध परीक्षेतील प्रश्नापुरता समजून घ्यायचा नसेल, तर या क्षेत्राकडे पाहताना कारागिराला किती कर्ज मिळाले यासोबत आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे : त्याची ऐरण पुढच्या वर्षी याच जागी असेल काय?