भाकरीतले लोह अंगी कसे लागेल?



चुनखडीच्या रानातला ऊस किंवा द्राक्षबाग पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की तुम्ही लगेच म्हणता, "लोह कमी पडलं." खरे पाहता त्या मातीत लोह पुष्कळ असते. पण चुन्यामुळे ते असे अडकून बसते की मुळीला उचलता येत नाही. म्हणून तुम्ही दुकानातून चिलेटची पुडी आणता. चिलेट हे नाव खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून पडले. नांगीत धरावा तसा ते द्रव्य लोहाचा कण धरते, त्याला अडकू देत नाही आणि झाडाच्या हवाली करते.

रानात जे घडते तेच आपल्या पोटातही घडते. ते कसे, हे या पत्रकात सांगायचे आहे.

सोलापूर जिल्हा म्हणजे ज्वारीचे कोठार. मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३०च्या दशकात निवडलेली मालदांडी ३५-१ अजून आपल्या रानात उभी आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असते. दिवसाला तीन मोठ्या भाकरी खाल्ल्या तर १२ मिलिग्रॅमच्या आसपास लोह पोटात गेले. पण अशा जेवणातले शंभरात पाच ते आठ भाग लोहच रक्तापर्यंत पोचते. म्हणजे पुरते एक मिलिग्रॅमसुद्धा नाही! बाकीचे आले तसे बाहेर जाते.

याचा फटका कुणाला बसतो? घरात सगळ्यांच्या मागून जेवते तिला. बाईमाणसाच्या रोजच्या आहारात २९ मिलिग्रॅम लोह असावे आणि गड्याच्या १९ मिलिग्रॅम, असे आपल्या देशातील आहारशास्त्रज्ञ सांगतात. गरज बाईची जास्त, आणि ताटात उरते ते कमी. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. खुरपताना धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, ती काही उगाच नव्हे.

आता लोह अडते कुठे ते पाहू. प्रत्येक दाण्यात पुढच्या रोपासाठी स्फुरदाची शिदोरी बांधलेली असते. तिला फायटेट म्हणतात. ही शिदोरी लोह आणि जस्त यांना घट्ट पकडते, आणि ती गाठ सोडवणारे पाचक द्रव्य माणसाच्या पोटात जवळजवळ नसतेच. लाल-तपकिरी ज्वारीत वर तुरटपणाचाही अडसर असतो. आपल्या पांढऱ्या मोत्यासारख्या मालदांडीत तो फारसा नाही, एवढी आपली बाजू बरी.

ही गाठ सोडवणारे फायटेज नावाचे द्रव्य खुद्द बियाण्यातच असते. मात्र ते ओल मिळाल्यावर जागे होते आणि उकळत्या पाण्याने मरते. भाकरीचे पीठ आपण कढत पाण्यात मळतो आणि लगेच तव्यावर टाकतो, तेव्हा त्याला काम करायला सवडच मिळत नाही. म्हणून पीठ रात्रभर भिजवून भाकरी करा, असे मात्र आम्ही सांगणार नाही. ती थापताना तुटेल आणि घरची मंडळी आम्हाला बोल लावतील! त्याला आंबील बरी. ज्वारीचे पीठ साध्या पाण्यात कालवून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी आंबूस वास आला की जिरे, लसूण, मीठ घालून शिजवा. आंबटपणात फायटेज जोमाने काम करते, त्यामुळे बरेचसे लोह मोकळे होते.

पण मोकळे झालेले लोह आतड्यात पुन्हा कशालातरी चिकटू शकते. इथे नांगीची गरज लागते. मटकी, मूग, हुलगा, हरभरा यांत प्रथिने असतात. प्रथिन म्हणजे मण्यांची लांबलचक माळ समजा. मोड येताना आणि पुढे आपल्या पोटात ही माळ तुटते, तिचे दोन-चार किंवा दहा-वीस मण्यांचे तुकडे पडतात. त्या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात. त्यांतले काही तुकडे लोह, जस्त, चुना यांचा कण नांगीत धरावा तसा धरतात आणि आतड्यात विरघळलेला ठेवतात. हरभऱ्याच्या प्रथिनांतून लोह धरणारे असे तुकडे स्पेनमधल्या शास्त्रज्ञांनी वेगळे काढून दाखवले आहेत. तिळाच्या प्रथिनांतून जस्त धरणारेही मिळाले आहेत. मटणाबरोबर भाकरी खाल्ली तर भाकरीतले लोहही जास्त लागू पडते, हे जुने ज्ञान आहे. त्यातही अशाच तुकड्यांचा हात असावा असे मानतात. न खाणाऱ्यांसाठी तेच काम डाळी-कडधान्यांकडून व्हावे, अशी ही धडपड आहे.

मात्र हे बहुतेक काम अजून प्रयोगशाळेतले आहे. प्रत्येक डाळीचा प्रत्येक तुकडा उपयोगी पडतो असे नाही. सोयाबीनचे प्रथिन तर कधी कधी लोहाला उलट अडवते. तेव्हा कोणी पेप्टाइडच्या नावाने महागडी भुकटी दारात घेऊन आला, तर ते पैसे मटकी आणि लिंबांना घाला.

मटकी रात्री भिजवा, सकाळी फडक्यात घट्ट बांधा. उन्हाळ्यात त्याच संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत दीड-दोन दिवस लागतात. मोडांबरोबर फायटेटही उतरते. उसळ शिजवून खाली उतरली की वरून लिंबू पिळा, कच्ची कोथिंबीर घाला. लिंबू फार शिजले की त्यातला गुण जातो. पिठले-भाकरीवरही लिंबाची फोड असावी. आणि जेवल्याबरोबर चहा नको. चहातला तुरटपणा लोहाला बांधून टाकतो, त्यामुळे तास-दीड तास जाऊ द्या.

एक इशारा नीट ध्यानात ठेवा. मोड कडधान्याला आणा, ज्वारीला नको. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावते हे तुम्ही जाणताच. तेच विष ज्वारीच्या कोंबातही असते.

बियाण्याकडूनही थोडी मदत होते. परभणी कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या साथीने २०१८ मध्ये परभणी शक्ती हा वाण दिला. त्याच्या किलोभर दाण्यात सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असते. पण तो खरिपाचा आहे. आपली मदार रब्बीवर, तेव्हा ज्यांचे खरिपाला रान मोकळे असते त्यांनी घरखर्चापुरता करून पाहावा. माती परीक्षणात जस्त कमी निघाले, तर शिफारशीप्रमाणे झिंक सल्फेट द्या.

ज्या बाईला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सांगितल्या आहेत, तिने उसळ-आंबील सुरू केली म्हणून त्या सोडू नयेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या फुकट मिळतात. गोळी लिंबू-पाण्याबरोबर घ्यावी, चहा-दुधाबरोबर नको. गोळ्यांनी शौचाला काळे होते, त्याला घाबरून बंद करू नका. मळमळ वाटलीच तर रात्री जेवणानंतर घ्या, आणि डबा पोरांच्या हाताला लागणार नाही असा उंचावर ठेवा.