फहाहीलचा तो शुक्रवार

जून २०२२. नूपुर शर्मा यांच्या टीव्हीवरच्या वक्तव्यावरून ५ तारखेला कुवेतने भारतीय राजदूतांना बोलावून निषेधपत्र दिलं. अर्दियाच्या सहकारी स्टोअरमध्ये आपला तांदूळ, मसाले प्लॅस्टिकखाली झाकले गेले. आईचा रोज फोन, "अरे, जपून राहा रे!" खरं तर रस्त्यावर सगळं नेहमीसारखंच होतं.

१० तारखेला शुक्रवारच्या नमाजानंतर फहाहीलमध्ये काही परदेशी लोकांनी घोषणा दिल्या. मला वाटलं, सरकारचंही तेच म्हणणं, यांना कोण अडवणार? पण इथे परदेशी माणसाला निदर्शनं करायला मनाई आहे. मुद्दा कुठलाही असो! त्यांना पकडून मायदेशी पाठवायचे आदेश निघाले.

आमच्या मजल्यावर हैदराबादचे चाचा राहतात. गणपतीत आमच्याकडे हक्काने मोदक खाणारे. त्या आठवड्यात लिफ्टमध्ये आम्ही दोघंही नुसते मजल्यांचे आकडे बघत होतो. शेवटी मीच त्यांना चहाला बोलावलं. मी म्हटलं, "चाचा, मला लाज वाटली हो." ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "बेटा, दुख तो बहुत हुआ. मगर जुलूस में जाता, तो अकामा जाता."

मग साखर कमी पडली म्हणून बायकोला हाक मारली त्यांनी.