पालाचा पत्ता गावात कसा लागतो

फलटण-माणपासून आटपाडी-जतपर्यंतच्या दुष्काळी पट्ट्यात गावाबाहेरच्या माळावर फासेपारध्यांची पालं दिसतात. गावात चोरी झाली की संशय आधी तिकडंच जातो. सलोखा करायचा असेल तर हा संशय आला कुठून, ते आधी पाहावं लागतं.

तो सरकारी दप्तरातून आला. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ मध्ये त्याची व्याप्ती देशभर वाढवली. जमातच्या जमात जन्मानं गुन्हेगार ठरली. नावाची नोंद, बोटांचे ठसे, पोलिसांपुढं हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायला बंदी. पिढ्यान्‌पिढ्या गावाची राखण करणारे रामोशीही यातून सुटले नाहीत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला, या जमातींना 'विमुक्त' म्हटलं जाऊ लागलं, संशय मात्र राहिला.

फलटण तालुक्यातल्या, विमुक्तांपैकीच एका कैकाडी कुटुंबातले लक्ष्मण माने यांचं 'उपरा' हे आत्मकथन १९८० साली आलं आणि अनेक वाचक हळहळले. अशा वाचकाला आपल्या गावात करता येण्यासारखं पुष्कळ आहे.

पहिली अडचण जातीच्या दाखल्याची. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, पाल पारधी आणि राज पारधी विमुक्त जातींत. त्यामुळं पुरावाही वेगवेगळ्या तारखांचा लागतो: अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ किंवा त्याआधीच्या वास्तव्याचा. ज्यांच्या आजोबांना गावात थांबूच दिलं नाही, त्यांच्याकडं त्या काळचा सातबारा किंवा शाळेचा उतारा कुठून असणार? मला हा अन्यायच वाटतो. कागद नसेल तिथं नातेवाइकांचा दाखला आणि गृहचौकशी यांचा आधार घेता येतो. अशा वेळी सरपंच आणि पोलीस पाटील यांनी पालावर जाऊन 'ही माणसं इथलीच' असं लेखी सांगितलं, तर अर्ज पुढं सरकतो.

मग जागा. विमुक्त-भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. तिच्यात कुटुंबाला पाच गुंठे जमीन आणि २६९ चौरस फुटांचं घर धरलेलं आहे. फासेपारध्यांना आदिवासी विभागाची शबरी घरकुल योजना. पण जमीन गायरानातली असली की ग्रामसभेत विरोध उठतो, आणि सलोख्याची खरी परीक्षा तिथंच होते. म्हणून ठरावाआधी पालावरच्या बायामाणसांना सभेला बोलवावं, त्यांना बोलू द्यावं, हरकत घेणाऱ्यानं ती त्यांच्यासमोर घ्यावी. पाठीमागं घेतलेल्या हरकतीला उत्तर देणार कोण?

तोवर मुलांनी थांबू नये. शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाच्या दाखल्याअभावी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. मुख्याध्यापकांनी स्वतः पालावर जाऊन नावं पटावर घ्यावीत.

पोलिसांचं काय? ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असं बजावलं आहे. पुढच्या चोरीनंतर कुणी पालाकडं बोट दाखवलं, तर पोलीस पाटलानं आधी पुरावा मागावा आणि गावकऱ्यांनी त्याच्या बाजूनं उभं राहावं.