आजोबांची रिग्बी, नातवाचं लायसन्स

विंटेज कारवर जीव टाकणारे, जुनी घड्याळं जमवणारे तुमच्या ग्रुपमध्येही असतील. पण जुनी शिकारी रायफल? हा शौक सगळ्यात अवघड, बॉस! इथे नुसते पैसे मोजून वस्तू घरी आणता येत नाही.

माझा एक मित्र हिंजवडीत कोडिंग करतो. चिकनसुद्धा खात नाही. त्याला कोल्हापूरकडच्या आजोबांकडून वारशात काय मिळावं? पॉइंट टू सेव्हन फाइव्ह रिग्बी. लंडनची, बोल्ट अ‍ॅक्शन, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. जिम कॉर्बेटला चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल 1907 मध्ये भेट मिळाली, ती याच बोअरची रिग्बी. कॉर्बेटची ती रायफल कंपनीने 2015 मध्ये स्वतःच परत मिळवली. आहे ना सही?

अशा रायफलींचं मोल का वाढलं, याचं कारण साधं आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशातून बंदूक आणणं जवळपास बंद झालं. म्हणजे संस्थानिकांनी, साहेबांनी आणि इनामदारांनी जेवढ्या आणल्या, तेवढ्यांतच आजचा बाजार. त्यातही बोअरची भानगड असतेच. 1907 च्या सुमारास इंग्रजांनी हिंदुस्थानात पॉइंट फोर फिफ्टी बोअरवर बंदी घातली, कारण त्या मापाची काडतुसं बंडखोरांच्या जुन्या लष्करी बंदुकांना चालतील अशी धास्ती. मग लंडनच्या कारागिरांनी आपल्याकडच्या गिऱ्हाइकांसाठी फोर सिक्स्टी फाइव्ह, फोर सेव्हंटी अशी नवी मापं काढली. कलेक्टर मंडळी या आकड्यांवर तासन् तास बोलू शकतात. (मी ऐकलंय. चहा गार झाला.)

विकत घ्यायची असेल तर आधी नळीवरचे प्रूफचे शिक्के बघा, मग सीरियल नंबर. रिग्बी, हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स यांच्याकडे जुन्या वह्या आहेत. नंबर कळवून फी भरली की तुमची रायफल मुळात कोणी घेतली, ते कळू शकतं. पण त्याही आधी लायसन्स. वय किमान 21, पोलिस चौकशी, सुरक्षित हाताळणीचं ट्रेनिंग. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं, वारशाची धरून. तेव्हा मित्राच्या आजोबांकडे तीन होती. 2020 च्या डिसेंबरआधी एक सोडणं भाग होतं. त्यांनी रोज शेतावर नेली ती बारा बोअर डीलरकडे जमा केली. रिग्बी ठेवली.

आणि शिकार? विसरा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो विषय संपवला. पिकात घुसणाऱ्या रानडुकराला मारायलाही वनखात्याची परवानगी लागते, आणि ते शेतकऱ्याचं दुखणं आहे, वीकेंडचा फंडा नाही. भिंतीवरच्या जुन्या शिंगांनाही मालकीचा दाखला लागतो.

मग हवी कशाला? हाच प्रश्न त्याच्या आत्याने विचारला. आजोबा गेल्यावर हत्यारं डीलरकडे जमा झाली आणि वारस म्हणून लायसन्ससाठी अर्ज करताना बाकी वारसांची ना हरकत लागली. बाबांनी लगेच सही केली. आत्याने पेन खाली ठेवलं.

“दर खंडेनवमीला अण्णा ती बाहेर काढायचे. तेल, हळदकुंकू, झेंडू. आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत,” ती म्हणाली. “आणि तुझ्या घरी दोन वर्षांची पोर आहे.”

मित्राकडे उत्तर नव्हतं. मला त्याच्यापेक्षा तिचंच पटत होतं. निकामी करून शोभेला ठेवावी, असं मी सुचवलं, तर दोघंही माझ्यावर चिडले!

शेवटी आत्याने अटी घातल्या. बोल्ट वेगळ्या कपाटात. काडतूस एकही घरात नको. पूजेला तिला बोलवायचं, आणि झेंडू तीच वाहणार. तिने सही केली.

फाइल सध्या आयुक्तालयात आहे. रिग्बी डीलरच्या रॅकवर, दस्त्याला आजोबांच्या नावाचा टॅग, महिन्याचं भाडं चालू. दुसरी, पॉइंट टू टू, त्याने विकायला काढली आहे.