मोजक्यात सांगणारी माणसं: पोस्टर, अक्षर आणि मोकळी जागा

आजचा विषय आहे पोस्टर. नेमकं सांगायचं तर कमी रेघांत, कमी रंगांत आणि कमी शब्दांत आपलं म्हणणं पोचवणारं पोस्टर. ‘मिनिमलिझम’ म्हटलं की जर्मनी, स्वित्झर्लंड, जपान अशी नावं निघतात. तीही घेऊच. पण ही कला आपल्याकडे मराठी अक्षरातून कशी आली, कोणी आणली, आणि नवी मुंबईत राहणाऱ्या आपल्याला तिचा काय उपयोग, हा आजचा मुख्य मुद्दा आहे.

सुरुवात बर्लिनपासून करू. १९०६च्या सुमाराची गोष्ट. ‘प्रीस्टर’ नावाच्या काडेपेटीसाठी पोस्टरची स्पर्धा होती. लुसियन बर्नहार्ड या तरुणानं आधी बराच संसार मांडला होता. टेबल, राखदाणी, सिगार, धुरातून उमटणाऱ्या नर्तकी. मग एकेक वस्तू तो काढत गेला, असं सांगतात. शेवटी उरल्या गडद पार्श्वभूमीवर दोन काड्या आणि वर एक शब्द: प्रीस्टर. त्याला बक्षीस मिळालं आणि जर्मन पोस्टरची एक नवी शैलीच सुरू झाली. आता विचार करा, नर्तकी का गेल्या? त्या वाईट काढल्या होत्या म्हणून नाही. पोस्टर काडेपेटीचं होतं आणि लोक नर्तकींकडे बघत बसले असते, म्हणून गेल्या.

दुसरं ठिकाण स्वित्झर्लंड. योझेफ म्युलर-ब्रोकमननं १९५५ साली झुरिकच्या संगीतसभागृहासाठी बीथोवनच्या कार्यक्रमाचं पोस्टर केलं. त्यात बीथोवनचा चेहरा नाही, पियानो नाही, व्हायोलिन नाही. आहेत त्या काळ्या कमानी, एकीभोवती एक, ठरावीक प्रमाणात जाड होत जाणाऱ्या. संगीतातलं मोजमाप त्यानं डोळ्यांना दाखवलं. त्याच देशातल्या बाझेल शहरात आर्मिन हॉफमन शिकवत होता. त्याचं १९५९चं ‘जिझेल’ या बॅलेचं पोस्टर फक्त काळं-पांढरं आहे. एका बाजूला नाचणारी, थोडी धूसर आकृती आणि दुसऱ्या बाजूला उभं लिहिलेलं ताठ नाव. एक हलतंय, एक स्थिर आहे, एवढ्यावरच ते उभं आहे. हाच हॉफमन १९६५ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, शिकवायला आला होता. म्हणजे ती विद्या आपल्याकडे थेट गुरूच्या हातूनही पोचली. त्याच संस्थेतल्या शेखर कामत यांनी १९७१ साली स्टेट बँकेचं बोधचिन्ह केलं. निळं वर्तुळ, मध्ये छोटं गोल छिद्र आणि खाली एक सरळ फट. गावोगावच्या माणसानं ते ओळखायला कधी वेळ लावला नाही.

पण सगळंच परदेशातून आलं असं समजू नका. दोन उदाहरणं आपल्या मातीतली घेऊ.

पहिलं, उलटा लाल त्रिकोण. वयस्कर मंडळींना आठवत असेल. दवाखान्याच्या भिंतीवर, गावच्या चावडीजवळ, रस्त्याकडेच्या घरांवर तो असायचा. साठच्या दशकात सरकारच्या कुटुंबनियोजन खात्यात दीप त्यागी प्रचाराचं काम बघत होते. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा आणि अवघड होता. देश प्रचंड, भाषा अनेक, बहुसंख्यांना वाचता येत नाही, आणि चिन्ह रंगवणार गावातला पेंटर. म्हणजे चिन्ह असं हवं की कुठल्याही हाताला, एका रंगात, कुठल्याही भिंतीवर काढता यावं. उत्तर आलं: तीन रेघा आणि लाल रंग. हा साधेपणा कुणाच्या अभिरुचीतून आला नव्हता, गरजेतून आला होता.

दुसरं उदाहरण तर रोज सकाळी आपल्या घरात यायचं. वर्तमानपत्रातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान. जाहिरातीचा दर कॉलम सेंटिमीटरवर. नाट्यनिर्मात्याचा खिसा बेताचा. छपाई काळ्या शाईची, कागद खरबरीत, फोटो छापला तर काळा डाग होण्याचीच शक्यता जास्त. मग नाटकाचा चेहरा कोण होणार? अक्षर. इथे कमल शेडगे यांचं नाव घ्यावंच लागतं. १९३५चा जन्म, २०२० साली निधन. टाइम्स समूहाच्या कलाविभागात ते काम करत. १९६२ साली आलेल्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’पासून मराठी नाटकांची शीर्षकं त्यांच्या हातून उतरू लागली ती पुढे कितीतरी दशकं. ऐतिहासिक नाटकाचं अक्षर वेगळं, फार्सचं वेगळं, काळजाला हात घालणाऱ्या नाटकाचं वेगळं. नाव वाचता वाचताच तिकीट काढणाऱ्याला कळायचं की आज रडायला जायचंय की हसायला.

मराठीत याला सरळ शब्द आहे, काटकसर. काटकसर आणि कंजुषी यांतला फरक घरातल्या बाईला विचारा. कंजूष माणूस गरजेची वस्तूही आणत नाही. काटकसरी माणूस गरजेची वस्तू चांगली आणतो आणि बाकीची आणत नाही. शेडग्यांनी चित्र वाचवलं, पण अक्षरावर सगळी मेहनत ओतली. मोजकं पोस्टर म्हणजे हेच.

आता अशा एका माणसाकडे येऊ, ज्याचं काम इथल्या प्रत्येकानं वाचलंय, पण नाव ठाऊक असेलच असं नाही. र. कृ. जोशी. जन्म १९३६. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिक्षण, मग उल्का या जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शक म्हणून मोठी कारकीर्द, आणि १९८३पासून पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक डिझाइन केंद्रात अध्यापन. कवी होते, सुलेखनकार होते. अक्षर हे नुसतं उच्चाराचं चिन्ह नाही, त्याला स्वतःचा आवाज आणि चाल आहे, या जाणिवेनं त्यांनी आयुष्यभर काम केलं. पुढे त्यांनी एनसीएसटी या संस्थेत संगणकासाठी भारतीय लिप्यांचं काम केलं. ही संस्था नंतर सी-डॅकमध्ये सामील झाली, आणि सी-डॅकचं केंद्र इथे आपल्या खारघरला आहे. विंडोज २०००बरोबर आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचा. सातबारा असो, सरकारी परिपत्रक असो की टायपिंगची परीक्षा, मंगल आपण सगळ्यांनी पाहिलाय.

मंगलमध्ये अलंकार शोधून सापडायचा नाही. त्या काळचे पडदे जाडेभरडे होते. बारीक वळणं त्यावर तुटायची, जोडाक्षरं एकमेकांत मिसळायची. कागदावर बोरूनं सुंदर वळणं काढणाऱ्या माणसानं पडद्यासाठी ती वळणं बाजूला ठेवली आणि वाचता येईल तेवढं ठेवलं. आपल्याला येतं ते सगळं दाखवायचा मोह आवरणं ही मोठी गोष्ट आहे. २००८ साली ते गेले. मोडी लिपीच्या अभ्यासात त्यांचं मार्गदर्शन लाभलेले अच्युत पालव इथे नवी मुंबईत सुलेखन शिकवतात. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. म्हणजे ही परंपरा आपल्या शेजारीच नांदते आहे.

अरुण कोलटकर यांनाही आपण कवी म्हणून ओळखतो. ‘जेजुरी’ आणि ‘भिजकी वही’चे कोलटकर. पण पोटासाठी ते जाहिरात क्षेत्रात काम करत, आणि तिथेही अव्वल होते. जाहिरातकलेतला मानाचा ‘कॅग’ पुरस्कार त्यांना सहा वेळा मिळाला. ‘क्लिअरिंग हाउस’ या कवींनी मिळून चालवलेल्या प्रकाशनाची मुखपृष्ठं त्यांनीच केली. एक अनावश्यक शब्द खपवून न घेणारा कवी आणि एक अनावश्यक रेघ खपवून न घेणारा डिझायनर, हे दोघं एकाच खुर्चीत बसत होते.

आता थोडं तांत्रिक. देवनागरीत मोजकं काम करणं रोमन लिपीपेक्षा सोपंही आहे आणि अवघडही. सोपं यासाठी की स्विस मंडळींना पानावर आखणी करून अक्षरं ओळीत धरावी लागली, आपल्याकडे शिरोरेघ आयतीच आहे. शब्द आपोआप एका दोरीवर टांगला जातो. रुपयाचं चिन्ह बघा. १५ जुलै २०१० रोजी ते स्वीकारलं गेलं. आयआयटीच्या त्याच डिझाइन केंद्रातल्या उदय कुमार यांचं हे काम. देवनागरी र, दांडी काढून टाकलेला रोमन आर, वर शिरोरेघ आणि तिला समांतर आणखी एक रेघ. दोन लिप्या एका आकारात बसल्या, कारण प्रत्येकीचं थोडं थोडं काढून घेतलं.

अवघड यासाठी की आपलं अक्षर वर आणि खाली, दोन्हीकडे वाढतं. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार. इंग्रजीच्या मापानं ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आपटतो. इथेच मराठी पाट्यांची दुर्दशा होते. आधी इंग्रजी मांडायचं, आणि उरलेल्या पट्टीत मराठी चेपून किंवा ताणून बसवायचं. २०२२च्या कायदादुरुस्तीनं दुकानाच्या पाटीवरचं मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालणार नाही असं ठरवलं. चांगलंच झालं. पण अक्षराची उंची कायद्यानं मिळते, वाचनीयता मिळत नाही. ती मोकळ्या जागेनं मिळते.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, ही कलावंतांची हौस झाली. म्हणून एक हिशोब करू. पाट्यांच्या धंद्यात ढोबळ नियम आहे: दर दहा फूट अंतराला अक्षराची उंची निदान एक इंच. हा नियम रोमन अक्षरांवरून आलेला आहे. देवनागरीत बारकावे जास्त, म्हणजे आपल्याला थोडं जास्तच लागेल. आता पाम बीच रोडवर ताशी ६० किलोमीटरनं गाडी चाललीय. एका सेकंदात ती साधारण १७ मीटर जाते. वाचायला तीन सेकंद हवेत असं धरू, म्हणजे ५० मीटर, सुमारे १६४ फूट. अक्षर हवं १६ इंचांचं. वरखालच्या मात्रांची जागा धरली तर एक ओळ दोन फुटांची. फ्लेक्स दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच असेल तर त्यावर मावल्या चार ओळी, एका ओळीत सातेक अक्षरं. संपला फ्लेक्स.

आता आपल्या नाक्यावरचा फ्लेक्स आठवा. समजा, मोफत नेत्रतपासणी शिबिर आहे. वर मोठे फोटो, बाजूला मध्यम फोटो, खाली इच्छुकांचे गोल गोल फोटो. मध्ये ‘भव्य’, ‘आयोजित’, ‘यांच्या शुभहस्ते’, ‘यांच्या प्रमुख उपस्थितीत’. आणि तारीख, वेळ, पत्ता तळाला, बोटभर अक्षरात. हे शिबिर कुणासाठी आहे? ज्यांना नीट दिसत नाही त्यांच्यासाठी. म्हणजे ज्या आजींनी यायला हवं, त्यांनाच ते वाचता येत नाही. ही नुसती सौंदर्याची चूक नाही. त्या आजींचा मोतीबिंदू आणखी एक वर्ष डोळ्यातच राहतो.

चार ओळींत तेच सांगून बघू. पहिली ओळ, डोळे तपासणी. दुसरी, मोफत. तिसरी, रविवार स. ९. चौथी, समाजमंदिर. आयोजकाचं नाव हवं तर खाली एका बारीक पट्टीत टाका, लोक जवळ आले की वाचतील. पिवळ्यावर काळं किंवा पांढऱ्यावर गडद निळं, दोनच रंग. हे करायला कुठलंही महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. लागतो तो एक माणूस, जो ‘हे नको’ म्हणेल, आणि ते ऐकून घेणारा दुसरा.

एक सावधगिरीची गोष्टही सांगून ठेवतो. मोजकेपणाचीही फॅशन होते. पांढऱ्या पानावर फिकट करड्या रंगात केसाएवढं बारीक अक्षर, कोपऱ्यात एक ठिपका. दिसायला श्रीमंत, वाचायला अशक्य. तीही उधळपट्टीच, फक्त रिकाम्या जागेची. उलट, सगळंच मोजकं असावं असंही नाही. जत्रेचं, तमाशाचं, सिनेमाचं पोस्टर भरगच्चच शोभतं. बाबूराव पेंटरांनी विसाच्या दशकात कोल्हापुरात सिनेमाची पोस्टरं रंगवली ती माणसं थांबवायला, आणि माणसं थांबली. दीनानाथ दलालांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं मांडीवर घेऊन निवांत बघायची होती. तिथे बघणाऱ्याकडे वेळ होता. रस्त्यावरच्या, दवाखान्यातल्या, फलाटावरच्या माणसाकडे तो नसतो. अति तिथं माती हे खरं, पण अति म्हणजे किती ते समोरचा माणूस आणि त्याच्याकडचा वेळ ठरवतो.

तेव्हा पुढच्या आठवड्यासाठी एक काम देतो. तुमच्या सोसायटीच्या फलकावरची कुठलीही एक सूचना निवडा. पाणी बंद, लिफ्ट दुरुस्ती, सभा, काहीही. तिच्यातला एकेक शब्द झाकून बघा. अर्थ गेला तर शब्द ठेवा, नाही गेला तर काढा. उरलेलं मोठ्या अक्षरात, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून लिहा, आणि दहा पावलांवरून शेजारच्या आजोबांना वाचायला सांगा. त्यांना चष्मा न शोधता वाचता आलं, की काम झालं. आता तुमचे प्रश्न घेऊ.