जट, वाडा आणि बंद खोली

सौंदत्तीची यल्लम्मा देवी बेळगाव जिल्ह्यातली. तिच्या नावाने या भागात चालत आलेली एक भीती अक्षरशः हातात धरून बघता येते. ती म्हणजे जट. एखाद्या मुलीचं न्हाणं-विंचरणं राहून जातं, तेल, धूळ आणि घाम एकत्र चिकटतात, केसांचा गुंता होतो आणि फणी अडते. घरातलं कुणीतरी म्हणतं, देवी आली. त्या क्षणापासून फणी बंद आणि हळदकुंकू सुरू. हळदकुंकवाने गुंता आणखी घट्ट होतो, आणि घट्ट झाला म्हणजे देवी खरीच आहे असं ठरतं. मान दुखते, उवा होतात, तरी कात्री कुणी उचलत नाही. अशा जटेपायी कितीतरी मुली देवाला सोडल्या गेल्या. कर्नाटकाने ती प्रथा १९८२ मध्ये कायद्याने बंद केली. जट कापायला फार वेळ लागत नाही. घरच्यांना तयार करायला मात्र अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना महिनोन्‌महिने हेलपाटे घालावे लागतात. भीती कशी तयार होते, कोण तिला पाणी घालतं आणि तिचा हिशेब कुणाच्या पदरात पडतो, हे ओळखण्याची नजर जिथे रोज लागते, तिथे भयकथा हा रिकामटेकड्यांचा विरंगुळा मानणं मला मान्य नाही. चांगली भयकादंबरी ती नजर घडवते.

नारायण धारपांचंच घ्या. १९२५ ते २००८ हा त्यांचा काळ. महिन्याच्या वर्गणीवर चालणाऱ्या वाचनालयांतून त्यांची पुस्तकं मराठी गावोगाव फिरली, पण समीक्षेने त्यांना उंबऱ्याबाहेरच ठेवलं. त्यांच्यावरचा ठरलेला आक्षेप उसनेपणाचा. ‘लुचाई’मागे स्टीफन किंगची ‘सेलम्स लॉट’ आहे, ‘शपथ’मागे ‘इट’ आहे, हे खरंच आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मूळ लेखकाचं ऋण पुस्तकावर ठळक छापायला हवं होतं, हेही मान्य. पण उसनं बी इथल्या मातीत रुजतं का, हा प्रश्न वेगळा. धारपांच्या पानांत भीती येते ती बंद वाड्यातून, वारसाहक्काच्या कागदांतून, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या खोलीतून. ही आपली ठिकाणं आहेत. किंगच्याच एका कथेवरून त्यांनी ‘आजी’ लिहिली. तिचा धागा राही अनिल बर्वे यांच्या २०१८ च्या ‘तुंबाड’मध्ये आला आणि तिथे कोकणातला पाऊस, ब्राह्मणी वाडा आणि सोन्याची हाव यांच्याशी असा एकजीव झाला की परकेपणाची खूणही उरली नाही. २०२४ मध्ये तोच चित्रपट पुन्हा लागला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. भुताखेतांच्या गोष्टी अंधश्रद्धेला खतपाणी घालतात, असं तळमळीने काम करणारी माणसंही म्हणतात. धारपांचा नायक समर्थ मंत्रसामर्थ्य वापरतो. मग वाचक उद्या मांत्रिकाच्या दारात जाणार नाही कशावरून? इथे एक फरक नीट पाहिला पाहिजे. मांत्रिक भीतीची किंमत मागतो. कोंबडं मागतो, पैसे मागतो, प्रसंगी मुलगी मागतो. पुस्तक काहीच मागत नाही. वाचक स्वतःहून घाबरायला बसतो, हवं तेव्हा पान मिटतो, आणि सगळं रचलेलं आहे हे त्याला पहिल्या ओळीपासून ठाऊक असतं. शिवाय समर्थाच्या कथांचा गाभा शोधाचा आहे. काय घडलं, कधी घडलं, कुणी पाहिलं, आधी या घरात कोण राहत होतं, हे विचारल्याशिवाय त्याचं पाऊल पुढे पडत नाही. हेच प्रश्न जटेपाशी विचारले तर जट टिकत नाही. महाराष्ट्राचा २०१३ चा आणि कर्नाटकाचा २०१७ चा जादूटोणाविरोधी कायदाही गोष्टींवर नाही, अघोरी प्रथा आणि त्यांतून होणारी फसवणूक-इजा यांवर आहे. नुसती किंकाळी आणि रक्त विकणारं साहित्य पुष्कळ आहे. त्याची बाजू मी घेत नाही.

आणि याच मातीतल्या सर्वांत मोठ्या भयलेखकाला भयलेखक म्हणून कुणी ओळखतच नाही. जी. ए. कुलकर्णी १९२३ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्यात जन्मले, बेळगावात वाढले, धारवाडच्या कॉलेजात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवत राहिले. त्यांच्या कथांना नियतीच्या कथा म्हणतात. तसं म्हणायला हरकत नाही, पण ‘पिंगळावेळ’मधली ‘स्वामी’ वाचताना अंगावर जो काटा येतो तो तत्त्वज्ञानाचा नव्हे. एका वाटसरूला मठात नेतात, त्याचं आगतस्वागत होतं, आणि मग कळतं की आता तोच तिथला स्वामी आहे आणि बाहेरचं दार उघडणार नाही. कुणी त्याला मारत नाही, शिवी देत नाही. जेवण वेळेवर येतं. त्याच्या पाया पडणारेच त्याचे तुरुंगाधिकारी असतात. भूत नाही तर भयकथा कसली, असं म्हणणाऱ्यांनी ही खोली आठवावी. धारपांच्या वाड्यात समर्थ येतो. जीएंच्या खोलीत कुणी येत नाही. शेवटी त्या कोंडलेल्या अंधारातून एक वेल तेवढी उजेडाकडे चढते.

सीमाभागातल्या वाचकाला या दोन्ही भीती वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचनेची रेघ पडली आणि बेळगाव तिच्या पलीकडे गेलं. महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी महाराष्ट्राला आणि बेळगाव कर्नाटकाला सुचवलं. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला आणि दोन्ही गावं कर्नाटकातच राहिली. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. दर १ नोव्हेंबरला बेळगावात एकीकडे कर्नाटकाच्या लाल-पिवळ्या झेंड्यांची मिरवणूक निघते, दुसरीकडे मराठी माणसांची काळ्या दिनाची सायकल फेरी. या सीमाप्रश्नाला रूपक करू नका, असं कुणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. १९८१ च्या एप्रिलमध्ये निपाणीत तंबाखूच्या भावासाठी रस्त्यावर बसलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. ते मरण कुठल्याही कथेच्या दावणीला बांधण्याचा अधिकार मला नाही. ‘स्वामी’ ही सीमाप्रश्नाची कथा आहे, असंही माझं म्हणणं नाही. म्हणणं एवढंच, की वाट पाहणं कसं आत आत कोंदत जातं याचा इतका अचूक नकाशा दुसऱ्या कुठल्या मराठी कथेत मला सापडला नाही.

आणि जेव्हा सीमेवरचं वातावरण तापतं, महाराष्ट्राची एसटी सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडेच थांबते, फोनवर कुठेतरी दगडफेक झाल्याचा निरोप फिरू लागतो, तेव्हा धारपांचा वाचक निरोप पुढे ढकलण्याआधी थांबून विचारील : कुठे? किती वाजता? पाहिलं कुणी?