ओटीपी गुजरातला, बाई सातपुड्यात

महाराष्ट्राची निवडणूक यादी नंदुरबारपासून सुरू होते. लोकसभेचा मतदारसंघ क्रमांक 1 नंदुरबार, विधानसभेचा क्रमांक 1 अक्कलकुवा आणि पहिलं मतदान केंद्र नर्मदाकाठचं मणिबेली. देशातलं पहिलं आधार कार्डही याच जिल्ह्यातलं. 29 सप्टेंबर 2010 रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले आणि रंजना सोनवणे यांच्या हाती बारा आकडी क्रमांक पडला. पहिलेपणाचा मान मिळवण्यात आमचा जिल्हा पटाईत आहे. रांग पुढे सरकायची वेळ आली की मात्र तो मागे राहतो.

पंधरा वर्षांनी, सप्टेंबर 2025 मध्ये, महिन्याला दीड हजार रुपये देणाऱ्या राज्याच्या योजनेतल्या 'लाडक्या बहिणीं'ना ई-केवायसीचं, म्हणजे आधारवरून ओळख पटवण्याचं, फर्मान आलं आणि मुदत मिळाली दोन महिन्यांची. बाईने आपला आधार क्रमांक टाकायचा, मोबाइलवर आलेला ओटीपी भरायचा. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्याच्या मोबाइलवरचा ओटीपी. शहरात हे चहा निवेपर्यंत उरकतं. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर आधी रेंज शोधत डोंगर चढावा लागतो. रेंज सापडली तरी नवरा सापडेलच असं नाही. दिवाळी झाली की इथली माणसं ऊसतोडीला, मजुरीला गुजरातेत उतरतात. ओटीपी जातो तिकडच्या फडात, कोयता हातात असलेल्या माणसाच्या खिशातल्या फोनवर. फोन चार्ज असेल, त्याला वाचता येत असेल आणि कुणाला ओटीपी सांगायचा नाही हा रेडिओवरचा उपदेश त्याने मनावर घेतला नसेल, तर काम होतं. आणि ज्यांना नवराही नाही, वडीलही नाहीत, त्यांचं काय, हा प्रश्न सरकारला नंतर सुचला. मग मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली.

पडताळणीच नको, असं कुणी म्हणणार नाही. चौदा हजारांहून अधिक पुरुषांच्या नावे या योजनेचे पैसे गेल्याचं उघड झालंय, तेव्हा चाळण हवीच. पण ती लागली कधी ते पाहा. 2024 च्या जुलैत, विधानसभा तोंडावर असताना, एकेक अट सैल होत गेली. अधिवास दाखला नाही? रेशन कार्ड चालेल. मतदान पार पडलं आणि बाई संशयित झाली. दीड हजार रुपये देताना जी 'बहीण' होती, ती वर्षभरात 'लाभार्थी क्रमांक' झाली.

रेंजवरचा उपाय आता आकाशातून येणार आहे. 5 नोव्हेंबर 2025 रोजी राज्य सरकारने उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या इलॉन मस्क यांच्या स्टारलिंकशी इरादापत्रावर सह्या केल्या. असं करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य (पुन्हा पहिलं!), आणि दुर्गम जिल्ह्यांच्या यादीत गडचिरोलीसोबत नंदुरबारचं नाव. उपग्रहाला डोंगराचा अडथळा टॉवरइतका होत नाही हे खरं. पण खालच्या डिशला वीज लागते, आणि शाळेवर किंवा आरोग्य केंद्रावर बसवलेली डिश फडातल्या नवऱ्याला शोधून देत नाही.

कुणाचा नवरा कुठे आहे, कोण विधवा, कोण परित्यक्ता, हे पाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात गरिबी निर्मूलनाच्या योजनांचे लाभार्थी निवडायची जबाबदारी ग्रामसभेवरच टाकली आहे. धडगाव-अक्कलकुवा याच क्षेत्रात मोडतात. ग्रामसभेत गटबाजी असते, सरपंचाची मर्जी असते, एखाद्या एकट्या बाईचं नाव मुद्दाम गाळलंही जाईल. तरी भर सभेत गाळलेल्या नावाबद्दल ती उभी राहून भांडू शकते. 'ओटीपी अवैध' म्हणणाऱ्या पडद्याशी तिने कोणत्या भाषेत भांडावं? तिच्या पावरी-भिलीत तर तो पडदा बोलतही नाही.